फाईल डीएनएमध्ये साठवायची तर: एन्कोडिंगपासून परत वाचेपर्यंत, टप्प्याटप्प्याने

डीएनएमध्ये डेटा साठवायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी दर दोन बिटांना डीएनएचं एक अक्षर (बेस), म्हणजे ००=ए, ०१=सी, १०=जी, ११=टी असा तक्ता मांडतात, फाईल त्यातून काढतात आणि ऑलिगोची, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, ऑर्डर देऊन मोकळे होतात. पुढे सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए मशीनवर वाचल्याचा, डेटा हातात येतो तेव्हा कळतं की कुठला तुकडा कुठे बसतो याचा पत्ताच नाही, काही तुकडे आलेलेच नाहीत आणि जे आले त्यातल्या अर्ध्यांत एखादा बेस गाळलेला आहे. तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात वाचण्यापासून करा. फाईल परत कशी उघडणार हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्या उलट दिशेने डिझाइन करत यायचं. खालचे टप्पे कामाच्या क्रमाने आहेत, पण हात लावण्याआधी एकदा सगळं शेवटपर्यंत वाचा.

उदाहरण म्हणून १२,००० बाइटची फाईल धरतो, म्हणजे झिप केलेला मजकूर किंवा एखादं छोटं चित्र. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढं पुरतं आणि आकडे हाताने तपासता येतात.

## १. फाईल तयार करणे

क्रम असा: आधी कॉम्प्रेस, मग हवं असेल तर एन्क्रिप्ट, मग हॅश (फाईलवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा आकडा). उलटं करू नका, एन्क्रिप्ट केलेली फाईल कॉम्प्रेस होत नाही.

मराठी मजकूर असेल तर कॉम्प्रेशन सोडूच नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट, म्हणजे सरळ तक्त्याने ६० बेस. आणि नुसता ‘म’ लिहिला तर तो होतो टीजीएए-जीजीसीए-जीजीटीजी. यातला टीजीएए-जीजीसी हा भाग देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला जसाच्या तसा येतो, म्हणजे अख्ख्या फाईलभर तेच सात बेस दर बारा बेसनंतर. अशी पुनरावृत्ती पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला) त्रास देते आणि दोन ऑलिगो एकमेकांना भलत्याच जागी चिकटतात.

कॉम्प्रेस केलेल्या फाईलचा शा-२५६ हॅश काढून कागदावर लिहून ठेवा. फाईलची नेमकी लांबी बाइटमध्ये तीही लिहा, कारण शेवटचा ऑलिगो भरायला तुम्ही शून्यं टाकणार आणि परत वाचताना ती शून्यं फाईलचीच वाटतात, मग झिप उघडत नाही आणि माणूस सगळा दोष सिक्वेन्सिंगला देतो.

सावध: कॉम्प्रेस केलेल्या फाईलमध्ये एक बाइट चुकला तर तिथून पुढचं सगळं जाऊ शकतं. म्हणजे जागा वाचवलीत तर एरर करेक्शन ऐच्छिक राहत नाही.

## २. ऑलिगोचा नकाशा आखणे

डीएनए एका लांब रिबिनीसारखा बनवून मिळत नाही. रासायनिक पद्धतीने एकेक बेस जोडत जातात आणि प्रत्येक जोडणी १०० टक्के होत नाही. एका पायरीला ९९.५ टक्के यश धरलं तर १४८ बेसच्या ऑलिगोत साधारण ४८ टक्केच रेणू पूर्ण आणि नीट असतात, ९९ टक्के धरलं तर २३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तुकडे लहान ठेवायचे.

आपल्या फाईलसाठी १४८ बेसचा ऑलिगो असा भरतो:

- पुढचा प्राइमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो टोकाचा तुकडा): २० बेस
- पत्ता: २ बाइट, ८ बेस
- मास्क क्रमांक (टप्पा ४): १ बाइट, ४ बेस
- डेटा: २० बाइट, ८० बेस
- आतला रीड-सोलोमन (चुका दुरुस्त करणारा कोड): ४ बाइट, १६ बेस
- मागचा प्राइमर: २० बेस

१२,००० भागिले २०, म्हणजे ६०० ऑलिगो डेटाचे. त्यावर बाहेरचा कोड (टप्पा ३) १५० ऑलिगोंचा, एकूण ७५०. म्हणजे १,११,००० बेसमध्ये ९६,००० बिट, दर बेसला ०.८६ बिट. कागदावर २ बिट दिसतात आणि हातात एवढेच उरतात याने नाराज होऊ नका. २०१७ साली एर्लिच आणि झिएलिन्स्की यांनी फाउंटन कोड नावाची वेगळी पद्धत वापरून, प्राइमर न मोजता, १.५७ पर्यंत मजल मारली होती, पण पहिल्या प्रयत्नाला घनता वाढवायच्या मागे लागू नये असं मला ठामपणे वाटतं. पहिलं काम फाईल परत मिळवणं.

## ३. बाहेरचा कोड: हरवलेल्या ऑलिगोंसाठी

काही ऑलिगो कधीच सापडणार नाहीत हे धरूनच चाला. ६०० ऑलिगोंचे २००-२०० चे तीन ब्लॉक करा, प्रत्येक ब्लॉकला ५० पॅरिटी ऑलिगो (डेटावरून गणिताने काढलेले जादा तुकडे) जोडा. रीड-सोलोमन उभ्या दिशेने लावायचा, म्हणजे ब्लॉकमधल्या सगळ्या ऑलिगोंचा पहिला बाइट एकत्र घेऊन एक कोड, दुसऱ्या बाइटचा दुसरा, असे वीस. एका कोडची लांबी २५० होते, बाइटवर चालणाऱ्या रीड-सोलोमनची मर्यादा २५५ आहे, त्यात बसतं. आता एका ब्लॉकमधले कुठलेही ५० ऑलिगो गायब झाले तरी डेटा पूर्ण परत येतो, फक्त कुठले गायब आहेत ते माहीत हवं आणि ते पत्त्यावरून कळतंच.

‘त्यापेक्षा प्रत्येक तुकडा चार वेळा ठेवू’ असं खूप जण म्हणतात. २०१३ साली युरोपियन बायोइन्फॉर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये निक गोल्डमन यांच्या गटाने असंच केलं होतं, प्रत्येक भाग चार ऑलिगोंमध्ये सरकवून सरकवून ठेवलेला. तरीही पाचपैकी एका फाईलमध्ये २५-२५ बेसची दोन भगदाडं राहिली, तिथले चारही ऑलिगो एकदमच हरवले होते, कारण त्या भागाचा क्रमच स्वतःला चिकटणारा होता. त्याच मजकुराच्या कितीही प्रती काढा, मजकुरातच खोट असेल तर सगळ्या प्रती एकत्र जातात. पॅरिटी ऑलिगोंचा क्रम पूर्ण वेगळा असतो, म्हणून तो कोड टिकतो.

## ४. पत्ता, मास्क आणि आतला कोड, याच क्रमाने

पत्ता. ०, १, २, ३ असे सरळ पत्ते देऊ नका. दोन बाइटमध्ये शून्य लिहिला की सलग आठ ‘ए’ येतात आणि पुढच्या कित्येक पत्त्यांची सुरुवातही चार ‘ए’नेच होते. ० ते ६५,५३५ हे आकडे एका ठरलेल्या सीडने (तोच रँडम क्रम पुन्हा काढून देणाऱ्या सुरुवातीच्या आकड्याने) पिसा आणि ज्यात तीनपेक्षा जास्त सारखे बेस सलग येत नाहीत असे पहिले ७५० पत्ते घ्या. सीड लिहून ठेवा.

मास्क. प्रत्येक ऑलिगोच्या २० बाइटवर रँडम दिसणारा पण ठरलेला बाइटक्रम एक्सॉर करायचा (बिटला बिट मिसळायचा; तोच पुन्हा मिसळला की मूळ डेटा परत येतो). असे २५६ मास्क तयार ठेवा. पहिला लावा, खालच्या चाचणीत नाही जमला तर दुसरा.

आतला कोड. पत्ता, मास्क क्रमांक आणि मास्क लावलेला डेटा असे २३ बाइट झाले, त्यावर ४ बाइटचा रीड-सोलोमन. याने कुठलेही दोन बिघडलेले बाइट दुरुस्त होतात.

मग चाचणी, आणि ती अख्ख्या १०८ बेसवर, फक्त डेटावर नाही. जीसीचं, म्हणजे जी आणि सी बेसचं मिळून, प्रमाण ४५ ते ५५ टक्के, एकच बेस सलग तीनपेक्षा जास्त नाही, स्वतःवर उलटून चिकटणारा लांब भाग नाही. नापास झाला तर पुढचा मास्क, आणि मास्क बदलला की रीड-सोलोमन पुन्हा काढायचा. इथे खूप जण चुकतात, मास्क बदलतात आणि पॅरिटी जुनीच ठेवतात. साधारण पाचातला एक मास्क पास होतो, त्यामुळे २५६ भरपूर झाले.

एक गोष्ट नीट समजून घ्या: रीड-सोलोमन बदललेला बेस दुरुस्त करतो, गाळलेला नाही. रांगेतला एक माणूस निघून गेला की मागचे सगळे एक जागा पुढे सरकतात, तसं एक बेस गळला की पुढचा प्रत्येक बाइट चुकीचा वाचला जातो. सिंथेसिसमध्ये गळतीच जास्त होते. त्यावरचा उपाय वाचताना करायचा आहे, टप्पा ९ मध्ये.

## ५. प्राइमर

दोन्ही २० बेसचे, जीसी निम्म्याच्या आसपास, वितळण्याचं तापमान ६० अंशांच्या जवळ आणि दोघांचं जवळपास सारखं. प्रत्येक प्राइमरचे शेवटचे १०-१२ बेस तुमच्या ७५० पैकी कुठल्याही ऑलिगोच्या मधल्या भागात, सुलट किंवा उलट, सापडता कामा नयेत. सापडले तर त्या ऑलिगोचा मास्क बदला.

आणि ही सगळ्यात महागडी चूक: ऑलिगो पाच प्राइमकडून तीन प्राइमकडे (धाग्याच्या सुरुवातीच्या टोकाकडून शेवटच्या टोकाकडे) लिहिताना शेवटी मागच्या प्राइमरचा रिव्हर्स कॉम्प्लिमेंट (उलट क्रमाने, प्रत्येक बेसच्या जागी त्याचा जोडीदार: ए-टी, सी-जी) येतो, प्राइमर जसाच्या तसा नाही. तसाच चिकटवला तर पीसीआरमध्ये काहीच वाढत नाही आणि ऑर्डर पाण्यात जाते. स्क्रीनवर बघून खात्री करू नका, कागदावर दोन्ही धागे बाणांसकट काढा आणि प्राइमर कुठे बसतो ते बोट ठेवून बघा.

एकाच नळीत अनेक फाईली ठेवायच्या असतील तर प्रत्येकीला प्राइमरची वेगळी जोडी द्यायची म्हणजे हवी तीच फाईल वाढवून वाचता येते. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या गटाने २०१८ मध्ये ३५ फाईली, २०० मेगाबाइटहून जास्त डेटा, याच युक्तीने वेगवेगळ्या बाहेर काढून दाखवल्या.

## ६. ऑर्डरआधी कॉम्प्युटरवर खोटं सिक्वेन्सिंग

हा टप्पा वगळला जातो आणि हाच सगळ्यात स्वस्त आहे. छोटा प्रोग्रॅम लिहा: ७५० ऑलिगो घ्या, त्यातले ५ टक्के रँडम उडवा, उरलेल्यांच्या असमान प्रती करा (कुणाच्या २००, कुणाच्या ३), बेस बदला, गाळा, मध्येच घाला, सगळं पिसा. मग ही फाईल तुमच्या डिकोडरला द्या. हॅश जुळला तर पुढे जा.

तपासा: उडवायचं प्रमाण १०, १५, २० टक्के असं वाढवत न्या. आपल्या आखणीत ब्लॉकमागे ५० म्हणजे २० टक्के ही सीमा आहे, ती ओलांडली की डिकोडर फेल गेलाच पाहिजे. त्याच्या बऱ्याच आधी फेल गेला तर कोडमध्ये बग आहे. आणि ३० टक्के उडवूनही पास होत असेल तर मूळ यादी डिकोडरच्या हाताला कुठून तरी लागते आहे, ते शोधा.

डिकोडरला मूळ ऑलिगोंची यादी कधीही द्यायची नाही. रीड्स (सिक्वेन्सिंगमधून वाचून आलेले क्रम) मूळ यादीशी जुळवून ‘डेटा परत मिळाला’ म्हणणं चुकीचं आहे, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याकडे ती यादी नसणार.

## ७. ऑर्डर आणि नळी हातात आल्यावर

‘ऑलिगो पूल’ म्हणून मागवायचं, ७५० वेगवेगळ्या नळ्या नाही. फाईल पाठवताना ओळींची संख्या, प्रत्येक ओळीची लांबी १४८ आणि एकही ओळ दोनदा नाही हे स्क्रिप्टने बघा. एक्सेलमधून कॉपी करताना ओळी गळतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कंपन्या मागवलेले क्रम जैवसुरक्षेसाठी तपासतात, तेव्हा हे डेटा साठवणीचं काम आहे असं सोबत लिहिलेलं बरं.

पूल बहुतेक वेळा सुकवलेल्या रूपात येतो. नळीत काही दिसणार नाही, रिकामीच वाटेल. झाकण उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. सुकलेला थर सुटा होऊन झाकणाला चिकटलेला असू शकतो, तसंच उघडलं तर तुमची फाईल हवेत. मग टीई बफर (डीएनए टिकवणारं द्रावण) घाला, नुसतं पाणी नको, अर्धा तास ठेवा, हलकं मिसळा, पुन्हा फिरवा. लो-बाइंड नळ्या वापरा, साध्या प्लास्टिकला थोडा डीएनए चिकटून वाया जातो.

लगेच तीन भाग करा: मास्टर, रोजच्या कामाचा आणि तिसरा दुसऱ्या इमारतीत. मास्टरमधून रोज पिपेट घालायचं नाही.

## ८. वाढवणे आणि जपणे

हाय-फिडेलिटी पॉलिमरेज (प्रती काढताना कमी चुका करणारं एन्झाइम) वापरा, साधा टॅक नको. सायकल कमीत कमी. प्राइमर संपत आले की ऑलिगो एकमेकांच्याच टोकांना चिकटतात, टोकं जुळतात आणि मधला भाग फुगून राहतो, जेलवर (डीएनए लांबीनुसार वेगळा करून दाखवणारी चाचणी) अपेक्षित जागेच्या वर धूसर पट्टा दिसतो. शिवाय अर्धवट कॉपी झालेला धागा दुसऱ्यावर चढून एकाचा पत्ता आणि दुसऱ्याचा डेटा असा संकर तयार होतो. क्यूपीसीआरवर (वाढ चालू असतानाच मोजणारा पीसीआर) आलेख बघा आणि सपाट व्हायच्या आधी थांबा.

सोबत पाण्याचा कंट्रोल ठेवायचाच. त्यात १४८ ला पट्टा आला तर तुमची नळी, टिप किंवा टेबल आधीच्या पीसीआरने बाटलेलं आहे. पीसीआरच्या आधीचं आणि नंतरचं काम वेगळ्या खोलीत, निदान वेगळ्या टेबलावर आणि वेगळ्या पिपेटने.

तपासा: जेलवर १४८ बेसला एकच स्वच्छ पट्टा. खाली ४०-५० ला दिसतो तो प्राइमर डायमर (प्राइमर एकमेकांनाच चिकटून झालेला), तो साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सौम्य किती करावं याचा हिशोब: दुपदरी १४८ बेसचा १ नॅनोग्रॅम डीएनए म्हणजे सुमारे ६ अब्ज रेणू, ७५० मध्ये वाटले तर प्रत्येकाच्या ८० लाखांवर प्रती. १ पिकोग्रॅमला आठ हजार. त्याखाली फार गेलात तर काही ऑलिगो नशिबावर सोडल्यासारखे होतात.

साठवणीत डीएनएचे शत्रू म्हणजे पाणी आणि उष्णता. ओल्या नमुन्यात पाणी हळूहळू साखळी तोडत राहतं. कामाचा भाग उणे २० ला टीईमध्ये ठेवा, लहान लहान भाग करून, म्हणजे वारंवार गोठणं-वितळणं टळेल. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको, तो बर्फ घालवायला स्वतःच अधूनमधून गरम होतो. दीर्घकाळासाठी मात्र सुकवून ठेवणंच बरं, आणि जिथे लाईट जाते तिथे तर फ्रीजरच्या भरवशावर राहूच नका. सुकवलेली नळी, सिलिका जेलची पुडी, वर सीलबंद फॉइल पाऊच. ईटीएच झ्युरिकच्या गटाने २०१५ मध्ये डीएनए काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद केला आणि ७० अंशांवर आठवडाभर ठेवूनही फाईल बिनचूक वाचली.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात हे काम करत असाल तर थंड पाऊच बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तासभर लागतो. थंड नळीवर दमट हवेतलं पाणी लगेच साचतं आणि सुकवण्याची मेहनत वाया.

## ९. सिक्वेन्सिंग आणि डिकोडिंग

इल्युमिना सिक्वेन्सिंग मशीनवर दोन्ही बाजूंनी १५०-१५० बेस वाचले तर आपला अख्खा ऑलिगो दोनदा वाचला जातो. ७५० ऑलिगोंना प्रत्येकी १०० रीड्स म्हणजे ७५,००० रीड्स, एवढ्याने काम होतं, अख्खा रन विकत घ्यायची गरज नाही, दुसऱ्या कुणाच्या रनमध्ये कोपरा मागा. लॅबला आधीच सांगा की पहिले २० बेस सगळ्यांचे सारखे आहेत. मशीन सुरुवातीच्या बेसमधल्या विविधतेवर आपली मांडणी ठरवतं, ती नसेल तर दर्जा कोसळतो, म्हणून फाय-एक्स नावाचा कंट्रोल डीएनए मिसळतात.

नॅनोपोअर या दुसऱ्या प्रकारच्या मशीनवरही जमतं, पण त्यात गाळलेले आणि घातलेले बेस जास्त, म्हणून रीड्स कितीतरी जास्त लागतात आणि सारख्या रीड्सचे गट पाडून एकमत काढणारा प्रोग्रॅम लागतो. पहिल्या वेळी इल्युमिनाच घ्या.

डिकोडिंगचा क्रम:

1. दोन्ही बाजूंचे रीड्स एकत्र जोडा.
2. दोन्ही प्राइमर शोधा, सुलट आणि उलट दोन्ही दिशांनी. उलटे असतील ते सुलट करा, प्राइमर कापा.
3. मधला भाग बरोबर १०८ बेसचा असेल तेच रीड्स ठेवा. १०७ वाले गळतीचे, ते आत्ता बाजूला. निम्मे गेले तरी घाबरू नका, रीड्स त्यासाठीच जास्त घेतले होते.
4. पत्त्यानुसार गट करा. तुमच्या ७५० पत्त्यांत नसलेला पत्ता टाकून द्या.
5. गटात प्रत्येक जागी बहुमत घ्या.
6. आतला रीड-सोलोमन चालवा. दुरुस्त न होणारा ऑलिगो ‘हरवला’ असं नोंदवा, अंदाजाने भरू नका, चुकीचा भरलेला ऑलिगो बाहेरच्या कोडला हरवलेल्याच्या दुप्पट महाग पडतो.
7. मास्क काढा.
8. बाहेरचा रीड-सोलोमन, हरवलेल्या जागा सांगून.
9. लिहून ठेवलेल्या लांबीवर कापा, हॅश जुळवा, मग झिप उघडा.

हरवलेले ब्लॉकमागे ५० पेक्षा जास्त निघाले तर लगेच नवीन सिक्वेन्सिंग मागवू नका. आधी तिसऱ्या पायरीत बाजूला ठेवलेले १०७ आणि १०९ बेसचे रीड्स परत काढा, त्यांची आपसात जुळवणी करून एकमत घ्या, बरेच ऑलिगो तिथेच सापडतात.

## १०. किल्लीचा कागद

नळीसोबत एक कागद हवा: बेसचा तक्ता, ऑलिगोची आखणी, दोन्ही प्राइमर, पत्त्यांचा आणि मास्कचा सीड, ते आकडे काढणाऱ्या अल्गोरिदमचा पूर्ण तपशील (पायथनची नवी-जुनी आवृत्ती तेच आकडे देईल यावर विसंबू नका, अल्गोरिदम स्वतः लिहा), रीड-सोलोमनचं बहुपद, ब्लॉकची रचना, फाईलची लांबी, हॅश, कॉम्प्रेशनचा प्रकार. चांगल्या कागदावर छापा, दोन ठिकाणी ठेवा. हे सगळं फक्त लॅपटॉपवर असेल तर तुमचा डेटा लॅपटॉपइतकाच टिकणार.

आणि मग हा कागद आणि कच्चे रीड्स अशा कुणाला तरी द्या ज्याने तुमचा कोड बघितलेला नाही. त्याने स्वतः डिकोडर लिहून फाईल उघडली पाहिजे. तो जिथे अडून तुम्हाला फोन करेल ती ओळ कागदावर राहिलेली आहे, ती लिहा आणि कागद पुन्हा छापा.